राजीखुशीने

आत्या,

मांडवीच्या तुझ्या खोलीची किल्ली परवा घरमालकांना परत दिली. त्यांनी ती खिशात टाकली आणि म्हणाले, बाईंनी तीस वर्षांत एकदाही नळ गळता ठेवला नाही. मला तिथंच हसू फुटलं. विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्यावर तासभर भाषणं झाली. बालवाडीत किती मुलं तुझ्या हाताखालून गेली, कुठले मोर्चे काढलेस, किती बायकांना घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलीस. सगळं खरं होतं, पण त्यात तू मला कुठं भेटली नाहीस. नळाच्या त्या एका वाक्यात भेटलीस.

तेव्हा ते सगळं मी इथं पुन्हा सांगत बसणार नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि भांडण अर्धं टाकून उठायची तुझी सवय नव्हती. मला ते पुरं करायचंय.

मी पत्रकांवर वाढले असं लोकांना गमतीनं सांगते, पण ते शब्दशः खरं आहे. बाबा म्हणजे तुझा धाकटा भाऊ बाळू, छापखान्यात कंपोझिटर. तू लिहायचीस, बाबा खिळे जुळवायचे, आणि वाटून उरलेले गठ्ठे आमच्या वाडीतल्या घरी यायचे. माझ्या शाळेच्या पुस्तकांना हुंड्याविरुद्धच्या पत्रकाची कव्हरं होती. आईच्या मसाल्याच्या डब्यांखाली दारूबंदी अंथरलेली असायची आणि शेजारणीला सुकट समान वेतनात बांधून जायची. रविवारी दुपारी तू मांडवीहून चालत यायचीस आणि आपण दोघी पडवीत प्रूफं वाचायला बसायचो. हाताने लिहिलेला कागद माझ्याकडे, छापलेला तुझ्याकडे. विरामचिन्हंसुद्धा मोठ्यानं वाचायची असा नियम होता. सात वर्षांची मी घसा ताणून वाचायचे, बहिणींनो स्वल्पविराम, जाग्या व्हा उद्गारचिन्ह. मग जेवतानाही तुझं तेच चालायचं. मुक्ते, पाणी आण स्वल्पविराम, येताना मीठही आण पूर्णविराम. दादा वैतागून म्हणायचा, तुम्ही दोघी वेड्या झालात का. आणि तू शांतपणे भात कालवत म्हणायचीस, प्रश्नचिन्ह राहिलं तुझं.

त्यातलं एक पत्रक मला अजून पाठ आहे. 'बहिणींनो, सही करण्याआधी कागद वाचा.' हक्कसोडपत्राविरुद्धचं. बाप वारला की काही महिन्यांनी भाऊ बहिणीला निबंधकाच्या कचेरीत घेऊन जातो. तयार कागदावर लिहिलेलं असतं की मी माझा हिस्सा कोणत्याही दबावाशिवाय, राजीखुशीने सोडत आहे. बहीण सही करते. मग भाऊ तिला हॉटेलात जेवायला घालतो, साडी घेतो आणि पुढं दर उन्हाळ्यात आंब्याची पेटी पाठवतो. घेतलं असं कुणी म्हणत नाही, दिलं असंही म्हणत नाही. तू त्यात लिहिलं होतंस की हे आपल्या वाडीतही चालतं. आपण विहारात उभं राहून सांगतो की आपल्यात मुलगा-मुलगी भेद नाही, आणि पुढच्या सोमवारी कचेरीच्या बाकावर बहिणीला शेजारी घेऊन बसतो. त्या वाक्यावरून विहाराच्या कमिटीनं तुला बोलावून घेतलं होतं. तू जाताना आणखी पन्नास पत्रकं घेऊन गेलीस.

माझ्या पहिल्या सभेचं पत्रकही ह्याच विषयावर होतं. आठवतंय ना? मी कॉलेजात होते, आणि जग आपल्या भाषणासाठी थांबलंय अशा समजुतीत होते. भाट्याच्या खाडीकाठच्या बायकांची सभा मी ठरवली, पौर्णिमेला, संध्याकाळी पाच वाजता. पौर्णिमा अशासाठी की परतताना बायकांना उजेड राहील. तू पत्रक हातात घेतलंस, एकदा माझ्याकडे बघितलंस, विचारलंस, पौर्णिमेला पाच? मी हो म्हटलं. तू बरं म्हणालीस आणि पत्रक परत माझ्या हातात दिलंस.

पाच वाजता शाळेच्या पटांगणात चाळीस खुर्च्या होत्या, माईकवाला होता आणि एक कुत्रा होता. साडेपाचला माईकवाल्यानं विचारलं, मी दुसरीकडे जाऊ का. तेव्हा तू उठलीस. म्हणालीस, पौर्णिमेची ओहोटी मोठी असते, खाडी पार लांबपर्यंत उघडी पडते, आणि ती वेळ खडकावरच्या शिंपल्यांतली कालवं काढायची. अशा वेळी एकही बाई तुझ्या खुर्चीवर येऊन बसणार नाही. हे रत्नागिरीत जन्मलेल्या मुलीला सांगावं लागतं? मी रडकुंडीला येऊन विचारलं की मग आधी का नाही सांगितलंस. सांगितलं असतं तर तू विसरली असतीस, म्हणालीस.

मग तू साडी गुडघ्यापर्यंत खोचलीस आणि चिखलात उतरलीस. मी मागून. माझी चप्पल तिथंच रुतून राहिली ती कायमची. बायका वाकून खडकावरची कालवं कोयतीनं फोडत होत्या. पत्रक धरायला कुणाचाच हात रिकामा नव्हता. तू एकीची जादा कोयती मागून घेतलीस, तिच्या शेजारी वाकलीस आणि कालवं फोडता फोडता सगळं पत्रक तोंडी सांगितलंस, गप्पा मारल्यासारखं. बायका ऐकत होत्या, मधेच हसत होत्या. एक वयस्कर बाई वर न बघता म्हणाली,

"अगो बाय, सही नाय केली नि भाऊस तुटला, तं सनावाराला जायाचं कुटं?"

मी ताबडतोब म्हटलं, मावशी, कायदा तुमच्या बाजूनं आहे.

"कायदा बसल काय पाटावर भाऊबीजेला?"

सगळ्या खाडीत हशा पिकला. मी तुझ्याकडे बघितलं. तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. तहसीलदाराला, पोलिसाला, विहाराच्या कमिटीला. त्या बाईला मात्र तू काही बोलली नाहीस. खाली बघून कालवं फोडत राहिलीस. मला वाटलं, दमलीस.

दमली नव्हतीस हे मला कळायला इतकी वर्षं लागली, आणि कळलं ते एका फायलीतून.

दादानं घर नव्यानं बांधायचं काढलं. जुनं चिऱ्याचं घर दर पावसात कुठंतरी गळतं, ते पाडून दोन मजली करायचं. कर्ज काढायला जागा आधी त्याच्या नावावर हवी होती, आणि जागा आजोबांपासून आलेली म्हणून वकिलानं सांगितलं की बहिणीचं हक्कसोडपत्र लागेल. दादा कागद घेऊन माझ्याकडे आला. फक्त बँकेसाठी गं, म्हणाला. तो वाईट माणूस नाही हे तुला वेगळं सांगायला नको. भाट्याच्या वाळूत त्यानं मला सायकल शिकवली, मागून धरलंय असं खोटं सांगत. मी म्हटलं, फाईल ठेवून जा, वाचते. कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचायचा, हेही तुझंच शिकवणं. शेवटी जुना फेरफार होता. आजोबा वारल्यानंतरचा. मुलगी सुलोचना हिने आपला हक्क भावाच्या लाभात राजीखुशीने सोडला आहे. खाली सही.

तुझं नाव मी तीनदा वाचलं.

त्याच संध्याकाळी मी मांडवीला आले. तू खाली बसून कोळंबी सोलत होतीस. मी कागद पुढं धरला आणि विचारलं, ही सही तुझी का. तू कोपरानं चष्मा वर सारलास, नीट बघितलंस आणि म्हणालीस, माझीच, तेव्हा अक्षर बरं होतं. मग हसत हसत त्या दिवसाची गोष्ट सांगायला लागलीस. सही झाल्यावर बाबांनी तुला बाजारात नेऊन फालुदा घेतला. त्यांना स्वतःला तो गिळेना. तू तुझा संपवलास, मग त्यांचाही. मी हसले नाही. मी विचारलं, जबरदस्ती झाली होती का?

"कुणी आवाज चढवला असता तर मी नाही म्हटलं असतं, मुक्ते. सगळे इतके गोड बोलत होते की नाही म्हणायला जागाच नव्हती."

तेव्हा तुझं लग्न धड होतं. आजी अंथरुणाला खिळलेली, बाबा एकटे कमावते. पाच वर्षांनी तुझं लग्न मोडलं आणि तू एक ट्रंक घेऊन रत्नागिरीत परत आलीस, ती थेट मांडवीच्या ह्या भाड्याच्या खोलीत. घरी का आली नाहीस, मी विचारलं. तू म्हणालीस, त्या घरात मला पाहुणी म्हणून जाता येत होतं, राहायला जाता आलं नसतं. बाळूनं नको म्हटलं नसतं. पण मला विचारावं लागलं असतं.

आणि मग मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी खरं तर आले होते. आम्हाला सगळ्यांना सांगत फिरलीस, बायकांना चिखलात उतरून सांगितलंस. तू स्वतः सही केली होतीस हे पत्रकात का लिहिलं नाहीस?

तू कोळंबीचं शेवटचं कवच काढलंस.

"लिहिलं असतं तर जुळवायला बाळू होता."

मी म्हटलं, मग ते पत्रक खोटं आहे. आणि निघून आले. दार आपटलं, हे मला आठवतंय, कारण तुझ्या दाराची कडी आपटल्यावर दोनदा वाजते.

त्यानंतर तीन आठवडे मी आले नाही. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. मनात तुझ्याविरुद्ध एक सबंध लेख लिहून तयार होता. त्यात परंपरा होती, तडजोड होती, चळवळीशी प्रतारणा होती. एका सकाळी घरमालकांचा फोन आला, की बाई दार उघडत नाहीत.

त्या दोन फोनांवर तू काय सांगणार होतीस, आत्या? बाबा म्हणतात, आंबोशी घेऊन जा म्हणून असेल. मला वाटतं ते बरोबर आहे, आणि त्यानंच जास्त लागतं.

खोली आवरायला मी आणि बाबा गेलो. छापखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण छापलेला कागद हातात आला की बाबांचा अंगठा अजून ओळींवरून फिरतो, खिळे चाचपल्यासारखा. ट्रंकेत तळाशी हक्कसोडीचं पत्रक होतं. बाबा खाली बसले आणि सबंध वाचून काढलं. मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले,

"हे जुळवत होतो तेव्हा अक्का शेजारी उभी होती. दुसऱ्या परिच्छेदापाशी आलो, म्हटलं आता आपली गोष्ट येणार. आली नाही. मजकुरात असती तर मी जुळवली असती गो. एक अक्षर गाळलं नसतं."

मग पत्रकाची घडी घालत म्हणाले, नाही आली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

मी तुम्हा दोघांना डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करते. छापखान्यातली शाईचा वास येणारी खोली, तू उभी, बाबा बसलेले, दोघांच्या मधे एक ओळ जी दोघांनाही माहीत आहे. तू त्यांना वाचवतेस, ते वाट बघतात. प्रूफ तपासणाऱ्या मला, सात वर्षांच्या मुलीला, एकही चूक सापडत नाही.

तर ती ओळ आज मी लिहिते. बाबांना वाचून दाखवली आहे, त्यांनी मान हलवली. हे पत्रक लिहिणाऱ्या बाईनं स्वतःचा हिस्सा आपल्या भावाला लिहून दिला होता, आणि हे पत्रक त्याच भावानं जुळवलं आहे. पत्रक खोटं नव्हतं, आत्या. एका ओळीनं अपुरं होतं. खोटं म्हटल्याबद्दल मला माफ कर.

पण सही तू करायला नको होतीस, हे मी अजूनही म्हणते. तू त्यावर जे काही म्हणाली असतीस ते मी ऐकते आहे असं समज. माझं म्हणणं तेच राहील. तुझ्या हिश्श्याच्या पडवीत बसून मी वाचायला शिकले. तुझ्या हिश्श्याच्या कलमाचे आंबे खाऊन वाढले, आणि त्यातलीच एक पेटी दर मे महिन्यात तुला मांडवीला पोचवायला मीच यायचे. तू ती घेताना म्हणायचीस, माहेरचे आंबे आले गो. मला ते किती गोड वाटायचं. आता त्या पेटीचा विचार आला की मला राग येतो, आणि त्या रागात तू नसतेस, बाबाही नसतात. इतक्या चांगल्या माणसांकडून इतक्या प्रेमानं हे होऊ शकतं, ह्या गोष्टीचा तो राग आहे.

तुझं सगळं झाल्यावर दादानं पुन्हा कागद काढला. आता उरकून टाकूया म्हणाला. मी म्हटलं, घर बांध, कर्जावर माझी सही घे, हप्त्याला मीही बांधील राहते, पण माझं नाव काढून टाकायच्या कागदावर मी सही करणार नाही. तो म्हणाला, म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही. मी म्हटलं, विश्वास आहे म्हणून तर नाव राहू दे म्हणते. त्यानं फाईल उचलली आणि गेला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तू म्हणालीस ते मला तेव्हा समजलं.

नंतर त्याचा फोन बंद झाला. दर बुधवारी यायचा, बाजारात मासळी काय आली ते सांगायला. बुधवार आले आणि गेले. व्यासपीठावरून मी कितीतरी बायकांना सांगितलं होतं की घाबरू नका, उभ्या राहा. उभं राहिल्यावर घरात जी शांतता पसरते तिच्याबद्दल मी एकाही भाषणात चकार शब्द काढला नव्हता. कायदा माझ्या बाजूनं होता आणि घरून फोन येत नव्हता. खाडीतल्या त्या बाईला तू उत्तर का दिलं नाहीस, ते मला असं शिकावं लागलं.

गेल्या आठवड्यात वहिनीला तिच्या भावांनी खेडला बोलावलं. तिचे वडील मागच्या वर्षी गेले, आणि कागद आता तिच्यापुढं आला होता. दादा सोबत गेला होता. आपल्या बायकोचं माहेर सांभाळायला जावयानं जायचं असतं तसा. तिथं काय झालं ते वहिनीनंच मला सांगितलं. ती मला अजून वन्सं म्हणते, चिडवायला. म्हणाली, वन्सं, मी कागद शेवटच्या पानापासून वाचला. मग भावाला म्हटलं, हा एक शब्द खोडा, राजीखुशीने, बाकीचं तसंच राहू दे, मी करते सही. कागद लिहिणारा म्हणाला, तो शब्द खोडला तर कागद चालत नाही. म्हटलं, मग माझीही सही चालत नाही.

ती सकाळपासून काही न खाता गेली होती, माहेरी जेवायचं म्हणून. भावजयीनं आदल्या दिवशी फोनवर सगळं सांगितलंही होतं, भाकऱ्या, माशाचं तिखलं, सोलकढी. कचेरीतून भाऊ परस्पर निघून गेले. कुणी चल म्हणालं नाही. दोघं खेडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसले. दादानं तिला बिस्किटाचा पुडा आणून दिला. तिनं तो फोडला नाही. रत्नागिरी येईपर्यंत दादा एक शब्द बोलला नाही, आणि तिनंही त्याला बोलतं केलं नाही. माझा विषय तिनं काढला नाही, एवढं तिनं मला दोनदा सांगितलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बुधवारी दादाचा फोन आला. आधी नेहमीसारखं सांगितलं, सरंगा बरा आलाय, बांगडा महाग आहे. मग थांबला.

"तिला उपाशी पाठवली गं त्यांनी," तो म्हणाला. "उंबऱ्यापर्यंतसुद्धा नेली नाही."

मी बोलले असते तर भाषण झालं असतं.

"रविवारी जेवायला ये."

कागदाचं काय होणार ते मला माहीत नाही, आत्या. फाईल कपाटावर आहे, मला दिसली. वकील आणखी कुठला तरी मार्ग सुचवेल. दादा पुन्हा रागावेल, मी पुन्हा नाही म्हणेन. खेडचे भाऊ वहिनीला दिवाळीला बोलावतील की नाही, ते तिलाही ठाऊक नाही. पण रविवारी बाबा पाट मांडत होते, वहिनी सरंगा तळत होती, आणि दादानं मला हाक मारली ती उंबऱ्यावरून नव्हे, आतून, घरातल्या माणसाला मारतात तशी. मी आत गेले, पोटभर जेवले, आणि सही न करता परत आले.

तुझी,
मुक्ता